न सांगितलेली मिती : डेटा क्यूब आणि त्याला विचारायचे प्रश्न

१९७३ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी जे अर्ज आले, त्यांचे आकडे आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत शिकवले जातात. विद्यापीठाचा एकूण हिशेब असा होता की, पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. हा फरक योगायोगाने पडला असे म्हणायला जागा नव्हती. पीटर बिकेल, यूजीन हॅमल आणि विल्यम ओकॉनेल यांनी या आकड्यांची छाननी करून १९७५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहिला. सर्वांत मोठ्या सहा विभागांचा तक्ता पुढे पाठ्यपुस्तकांत गेला आणि ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा बसवली की तो तिच्यासोबत आयताच मिळतो. विभागांची नावे त्यात नाहीत, ए ते एफ अशी अक्षरे आहेत.

हा तक्ता म्हणजे एक छोटा डेटा क्यूब. त्याला तीन मिती आहेत : अर्जदार पुरुष की स्त्री, विभाग कोणता, निकाल काय लागला. दोन गुणिले सहा गुणिले दोन, म्हणजे चोवीस कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकच माप, अर्जांची संख्या. ए विभाग, स्त्री, प्रवेश मिळाला : ८९. एफ विभाग, पुरुष, प्रवेश नाकारला : ३५१. एकूण अर्ज ४,५२६. क्यूब या शब्दाने बिचकायचे कारण नाही. मिती तीनच असाव्यात असा नियम नाही आणि बाजू सारख्या असाव्यात असाही नाही. पंधरा-वीस मितींचे क्यूब कंपन्यांत रोज वापरले जातात. त्यांचे चित्र काढता येत नाही, पण त्याने काही अडतही नाही. लक्षात ठेवायचे ते एवढेच की, कप्प्यातल्या प्रत्येक आकड्याला पत्ता असतो आणि त्या पत्त्यात प्रत्येक मितीचे एकेक नाव येते. एकही मिती गाळून पत्ता पुरा होत नाही.

आता या चोवीस कप्प्यांना प्रश्न विचारू. पुरुषांपैकी किती जणांना प्रवेश मिळाला? २,६९१ पैकी १,१९८, म्हणजे ४४.५ टक्के. स्त्रियांपैकी? १,८३५ पैकी ५५७, म्हणजे ३०.४ टक्के. स्त्रियांवर अन्याय झाला असे म्हणायला एवढे पुरेसे वाटते. मग विभागाची मिती उघडून पाहू. ए विभागात पुरुषांचे प्रमाण ६२.१ टक्के, स्त्रियांचे ८२.४. बी मध्ये ६३ आणि ६८. डी मध्ये ३३.१ आणि ३४.९. एफ मध्ये ५.९ आणि ७. सी आणि ई या दोनच विभागांत पुरुष थोडे पुढे आहेत. सहापैकी चार विभागांत स्त्रिया वरचढ, आणि एकूण बेरजेत मात्र चौदा टक्क्यांनी मागे!

उलगडा त्याच कप्प्यांत आहे. ए आणि बी हे प्रवेश सहज देणारे विभाग. पुरुषांचे निम्म्याहून जास्त अर्ज, २,६९१ पैकी १,३८५, या दोन विभागांकडे गेले होते. स्त्रियांचे १,८३५ पैकी फक्त १३३. स्त्रियांनी मोठ्या संख्येने अर्ज केले ते जिथे सगळ्यांनाच दार अरुंद होते अशा विभागांत. पहिला प्रश्न विचारताना आपण विभागाचे नाव काढले नव्हते. पण म्हणून विभाग उत्तरातून बाहेर गेला नाही. तो ‘सर्व विभाग’ होऊन आत बसला आणि आकडा फिरवून गेला.

हे पुस्तक लिहिण्यामागे माझे सांगणे आहे ते हेच. क्यूबला प्रश्न विचारताना जी मिती आपण सांगत नाही, तिची किंमत क्यूब स्वतः भरतो. ती कोणती भरतो, का भरतो, आणि आपल्याला हवी ती भरायला कशी लावायची, हे ज्याला कळले त्याला क्यूब कळला. बाकीचे वाक्यरचनेचे नियम सरावाने येतात.

‘सर्व’ हा सदस्य पहिल्यांदा नीट शब्दांत मांडला तो जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९९६ च्या ‘डेटा क्यूब’ या निबंधात. त्यांनी म्हटले, प्रत्येक मितीच्या यादीत एक जास्तीचे नाव धरा, ‘ऑल’. मग उपबेरजा आणि एकूण बेरीज वेगळ्या राहतच नाहीत. त्याही कप्पेच होतात, इतर कप्प्यांसारखा पत्ता असलेले. बर्कलीचा क्यूब या रीतीने तीन गुणिले सात गुणिले तीन, म्हणजे त्रेसष्ट कप्प्यांचा होतो. चोवीस मूळचे, एकोणचाळीस बेरजांचे. ४,५२६ हा आकडा कुठे आहे? ‘सर्व, सर्व, सर्व’ या पत्त्यावर. ही कल्पना पुढे एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या १९९९ च्या मानकात ‘क्यूब’ आणि ‘रोलअप’ या रूपांत आली आणि आज जवळपास प्रत्येक मोठ्या डेटाबेसमध्ये आहे.

क्यूबसाठी खास घडवलेली भाषा मात्र एमडीएक्स. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये पॅनोरमा या इस्रायली कंपनीचे तंत्र विकत घेतले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कामात मोशा पासुमान्स्की याने या भाषेची घडण केली. ती १९९७ मध्ये जगापुढे आली. पुढे एस्बेस या क्यूब-प्रणालीने ती स्वीकारली, ज्युलियन हाइड याच्या मॉन्ड्रियन या मुक्तस्रोत प्रणालीने स्वीकारली. दिसायला ती एसक्यूएलची सख्खी बहीण वाटते. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर हे शब्द तेच आहेत. एसक्यूएल येणारे लोक नेमके इथेच अडखळतात.

बर्कलीचा प्रश्न या भाषेत असा मांडतात : स्तंभांवर पुरुष आणि स्त्री, ओळींवर सहा विभाग, क्यूबचे नाव ‘प्रवेश’, आणि व्हेअरमध्ये ‘निकाल : मिळाला’. उत्तर म्हणून बारा आकड्यांची जाळी येते. एसक्यूएलमध्ये व्हेअर ओळी गाळतो. बेरीज सुरू होण्याआधीच नाकारलेले अर्ज बाहेर गेलेले असतात आणि नंतर त्यांना विचारता येत नाही. एमडीएक्सचा व्हेअर काही गाळत नाही. तो बाराही कप्प्यांच्या पत्त्यात निकालाच्या जागी ‘मिळाला’ हे नाव लिहितो, एवढेच. नाकारलेले अर्ज क्यूबमध्ये जागेवर आहेत. म्हणून ‘प्रवेशाचे प्रमाण’ असे नवे माप एका ओळीत तयार करता येते : भाजकात अर्जांची संख्या ‘निकाल : सर्व’ या पत्त्यावरून उचलायची आणि बाकी मिती जशा आहेत तशा राहू द्यायच्या. ती ओळ ए विभागातल्या स्त्रियांच्या कप्प्यात ८९ भागिले १०८ करते, डी विभागातल्या पुरुषांच्या कप्प्यात १३८ भागिले ४१७. सूत्र एकदाच लिहिले, ते ज्या कप्प्यात उभे असते तिथल्या पत्त्याप्रमाणे वागते. मला ही या भाषेतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, आणि पुस्तकाची मधली तीन प्रकरणे मी तिच्यासाठी राखली आहेत.

न सांगितलेल्या मितीची किंमत नेहमी ‘सर्व’च असते असेही नाही. अर्थसंकल्पाचा क्यूब घ्या. त्यात एक मिती अशी : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. या तिघांची बेरीज करून जे येते त्याला काही अर्थ नाही. म्हणून क्यूब बांधणारा माणूस या मितीला ‘सर्व’ ठेवतच नाही. तो ‘प्रत्यक्ष खर्च’ किंवा दुसरे काही मूळ सदस्य म्हणून नेमून देतो. प्रश्न विचारणाऱ्याने ही मिती गाळली की क्यूब गुपचूप त्या सदस्याचे आकडे देतो. उत्तर बरोबरच असते, पण ते कशाचे उत्तर आहे हे कागदावर कुठे लिहिलेले नसते. नवा क्यूब हाती आला की आधी प्रत्येक मितीचा मूळ सदस्य कोणता ते पाहावे. ही सवय मी वाचकाला पहिल्याच प्रकरणात लावणार आहे.

आता बेरजेकडे वळतो, कारण चुका खरोखर होतात त्या इथे. बर्कलीच्या सहा विभागांची प्रमाणे घेऊन त्यांची सरळ सरासरी काढा. पुरुषांची येते ३८.१ आणि स्त्रियांची ४१.७. म्हणजे स्त्रिया पुढे! खरे एकूण प्रमाण आपण वर पाहिले, ४४.५ आणि ३०.४. दोन्ही हिशेब त्याच चोवीस आकड्यांतून निघाले. ग्रेच्या निबंधात याची शिस्त सांगितली आहे. बेरीज, मोजणी, कमाल, किमान ही मापे खालच्या कप्प्यांच्या उत्तरांवरून वर चढवता येतात. सरासरी तशी चढत नाही. तिच्यासाठी बेरीज आणि मोजणी ही दोन्ही बरोबर न्यावी लागतात आणि भागाकार वर पोचल्यावर करावा लागतो. मध्यक तर असाही चढत नाही, त्याला सगळा मूळ माल पुन्हा तपासावा लागतो. ज्या कार्यालयांत जिल्ह्यांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढून राज्याची टक्केवारी छापली जाते, तिथे ही एक शिस्त आली तरी पुष्कळ काही सुधारेल.

पण माप कोणत्या दिशेने मिळवायचे हा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्यासाठी आपल्याकडच्या पावसाळ्याइतके चांगले उदाहरण नाही. जून ते सप्टेंबर वर्तमानपत्रे रोज धरणांचे आकडे छापतात. समजा त्यांचा क्यूब केला : एक मिती दिवस, एक मिती धरण किंवा तालुका. मापे तीन : पाऊस, साठा, आवक. पाऊस दिवसांच्या दिशेने मिळवता येतो. महाबळेश्वरचा जुलैचा पाऊस म्हणजे एकतीस दिवसांच्या पावसाची बेरीज. जागेच्या दिशेने मात्र नाही. महाबळेश्वरचे मिलिमीटर आणि माणचे मिलिमीटर मिळवून सातारा जिल्ह्याचा पाऊस होत नाही, तिथे सरासरीच लागते, तीही क्षेत्राचे वजन देऊन. साठ्याचे बरोबर उलटे. कोयना आणि उजनी यांचा आजचा साठा मिळवला तर त्याला अर्थ आहे. कोयनेचा जुलैच्या एकतीस दिवसांचा साठा मिळवला तर सुमारे १०५ टीएमसी क्षमतेच्या धरणात हजार-दोन हजार टीएमसी पाणी दिसू लागते. साठ्याला महिन्याच्या पातळीवर महिन्याचा शेवटचा आकडाच घ्यायचा असतो, आणि क्यूब बांधतानाच तसे सांगून ठेवायचे असते.

आवक दोन्ही दिशांनी मिळवता येईल असे वाटते. दिवसांच्या दिशेने येतेच. धरणांच्या दिशेने जाताना मात्र थांबा. पानशेतमधून सोडलेले पाणी खडकवासल्याची आवक होते. खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी पुढे भीमेला मिळून उजनीची आवक होते. तिन्ही धरणांच्या आवका मिळवल्या तर तेच पाणी पुन्हापुन्हा मोजले जाते. हा दोष कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ते तीन कप्पे आहेत आणि कप्पे मिळवायचे असतात. नदी कुठून कुठे वाहते हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ते क्यूबमध्ये घालायला हवे. हॅन्स-योआखिम लेंझ आणि ऐरी शोशानी यांनी १९९७ मध्ये बेरीज केव्हा वैध असते याच्या अटी मांडल्या. गट एकमेकांवर चढलेले नसावेत, काही सुटलेले नसावे, आणि माप त्या दिशेने मिळवण्याजोगे असावे. अटी तीनच आहेत. पावसाळ्याच्या एका तक्त्यात तिन्ही मोडता येतात.

मितींची उतरंड हा पुस्तकाचा दुसरा मोठा विषय. गाव, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही सर्वांच्या ओळखीची उतरंड. पण ती एकच नसते. अहिल्यानगर जिल्हा महसूल खात्याच्या हिशेबात नाशिक विभागात आहे आणि कृषी खात्याच्या हिशेबात पुणे विभागात. महसुलाचे विभाग सहा, कृषीचे आठ. तेव्हा ‘पुणे विभागातले कांद्याचे क्षेत्र किती’ हा प्रश्न अर्धाच आहे. कोणत्या उतरंडीतला पुणे विभाग, हे सांगायचे राहिले. क्यूबमध्ये एका मितीला दोन उतरंडी ठेवता येतात आणि ठेवाव्यातच. काळाचेही तसेच : एप्रिल ते मार्चचे आर्थिक वर्ष, ऑक्टोबरपासूनचा साखर हंगाम, जानेवारीपासूनचे कॅलेंडर वर्ष. दिवस तेच, त्यांची मोट वेगवेगळी.

उतरंड काळाबरोबर बदलते तेव्हा प्रकरण अवघड होते. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८१,३१,८४९ होती. २०११ मध्ये ती १,१०,६०,१४८ झाली आणि ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ चे आकडे नव्या सीमांप्रमाणे मांडले तर पालघरचे २९,९०,११६ आणि उरलेल्या ठाण्याचे ८०,७०,०३२ होतात. आता कोणी २००१ चा जुना तक्ता आणि २०११ चा नव्या सीमांचा तक्ता एकाच क्यूबमध्ये ‘ठाणे’ या नावाखाली भरला, तर दहा वर्षांत ठाण्याची लोकसंख्या सुमारे ६२ हजारांनी घटलेली दिसेल. प्रत्यक्षात ती ३६ टक्क्यांनी वाढली होती. भरलेला एकही आकडा खोटा नाही. म्हणून जिल्ह्याच्या नोंदीला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशा तारखा जोडाव्या लागतात. राल्फ किंबॉल याने १९९६ च्या ‘द डेटा वेअरहाउस टूलकिट’ या पुस्तकात हळूहळू बदलणाऱ्या मितींच्या ज्या रीती घालून दिल्या, त्या आजही तशाच वापरल्या जातात. नुसते नाव बदलणे त्या मानाने सोपे. जिल्ह्याला एक कायमचा संकेतांक दिला की नाव हे त्यावरचे लेबल राहते आणि मागचे आकडे हलत नाहीत.

इतिहासात मी फार रमलो नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. कोष्टकांच्या डेटाबेसचा पाया १९७० मध्ये घातला तो एडगर कॉड याने, आणि त्यासाठी त्याला १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९९३ मध्ये त्याच कॉडने, दोन सहकाऱ्यांसह, आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीसाठी लिहिलेल्या टिपणात क्यूबवरच्या विश्लेषणाला ‘ओलॅप’ हे नाव दिले आणि ते करणाऱ्या प्रणालींसाठी बारा नियम सांगितले. आर्बरचेच एस्बेस हे उत्पादन त्या नियमांत फार नेटके बसत होते, यावरून पुढे बरीच टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. तरी कोष्टकांच्या जनकाने विश्लेषणासाठी कोष्टके पुरत नाहीत हे मान्य केले, याचे वजन कमी होत नाही.

या प्रणालींची अडचण जागेची होती. दहा मिती आणि प्रत्येकीत दहा सदस्य एवढ्यानेच कप्पे होतात एक हजार कोटी. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक रिकामे असतात, पण बेरजांचे सगळे कप्पे आधीच भरून ठेवणे तरीही परवडत नाही. कोणत्या बेरजा साठवायच्या आणि कोणत्या विचारल्यावर काढायच्या, याची चांगली रीत १९९६ मध्ये वेंकी हरिनारायण, आनंद राजारामन आणि जेफ्री उलमन यांनी दिली. दर वेळी सर्वांत जास्त फायद्याची बेरीज निवडत जायचे. आदर्श निवडीने जो लाभ झाला असता, त्याच्या निदान ६३ टक्के लाभ या साध्या रीतीने मिळतोच, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले. आता स्मृती स्वस्त झाली आहे आणि स्तंभांनुसार साठवण करणारी इंजिने बेरजा जागच्या जागी करतात. २०१० मध्ये एक्सेलसोबत आलेल्या पॉवरपिव्हटपासून डॅक्स ही भाषा एमडीएक्सची जागा घेत गेली. साधने अशी बदलत राहतील. न सांगितलेल्या मितीचा प्रश्न डॅक्समध्येही आहे, तिथे त्याला फिल्टरचा संदर्भ म्हणतात.

पुस्तक वाचायला प्रोग्रॅमिंग यायला हवे असे नाही. एक्सेलमध्ये पिव्हट टेबल केलेले असले की पुरे. तुम्ही क्यूब हाताळलेलाच आहे. पहिली चार प्रकरणे कागद-पेन्सिल घेऊन वाचा. बर्कलीचे चोवीस आकडे पूर्ण दिले आहेत, त्यांतून त्रेसष्ट कप्पे हाताने भरा. मग भाषा सुरू होते.

एका प्रकरणाबद्दल आधीच बजावून ठेवतो, कारण ते वरवर किरकोळ वाटते आणि लोक ते चाळून पुढे जातात. ते रिकाम्या कप्प्यांचे. एखाद्या तालुक्याच्या पर्जन्यमापकावर आज शून्य मिलिमीटर नोंद झाली, आणि शेजारच्या तालुक्यातून आज नोंदच आली नाही. पहिल्या कप्प्यात शून्य आहे, दुसरा रिकामा आहे. एमडीएक्स बेरजेत रिकाम्याला शून्य धरते. सरासरीचे फंक्शन रिकाम्याला वगळते. मोजणीचे फंक्शन, वेगळे सांगितले नाही तर, रिकाम्यालाही मोजते. त्यामुळे बेरीज भागिले मोजणी आणि थेट काढलेली सरासरी यांची उत्तरे जुळत नाहीत, आणि दोन्ही भाषेच्या नियमाला धरूनच असतात. त्यात ‘नॉन एम्प्टी’ हे शब्द ओळींच्या आधी लिहिले की ज्या तालुक्यातून नोंद आली नाही, तो तक्त्यातून नाहीसाच होतो. तक्ता आटोपशीर दिसतो, पण नोंद कुठून यायची राहिली हे वाचणाऱ्याला कळायची सोय उरत नाही. म्हणून अकराव्या प्रकरणातला प्रत्येक तक्ता मी दोनदा छापला आहे, आधी रिकाम्या ओळींसह आणि मग त्या काढून. सराव करताना तुम्हीही ‘नॉन एम्प्टी’ अगदी शेवटी, कोणत्या ओळी रिकाम्या आहेत ते एकदा पाहून झाल्यावरच लावा.